सब्जक घाटावर बर्फ पडण्याआधी : बादगीसमधल्या बालपोषण केंद्राची तयारी

बादगीस हा अफगाणिस्तानच्या वायव्येचा डोंगराळ प्रांत. इथला गहू बहुतेक ललमी, म्हणजे निव्वळ पावसावरचा. पाऊस हुकला की आधी पीक जाते, मग चारा, मग मेंढ्या. २०१८च्या दुष्काळात या पट्ट्यातली अडीच लाखांहून जास्त माणसे गाव सोडून हेरात शहर आणि बादगीसची राजधानी कला-ए-नौ यांच्याभोवती तंबूंत येऊन राहिली. २०२१मध्ये पुन्हा पाऊस दगा देऊन गेला, आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकार कोसळले. मोठी लढाई थांबल्यामुळे पूर्वी बंद असलेल्या खोऱ्यांत आता गाडी जाते. पण घरात पैसा नाही आणि धान्याची कणगी रिकामी. मेळघाटात किंवा धडगावला काम केलेल्या डॉक्टर-परिचारिकांना दंडघेराची (कुपोषण ओळखायला दंड मोजण्याची) पट्टी आणि सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, बालक नवे नाही. नवी आहे ती थंडी, आणि खाली दिलेला बराचसा मजकूर तिच्यासाठीच आहे.

हेरातहून कला-ए-नौला येणारा रस्ता सब्जक घाटातून येतो आणि हिवाळ्यात तो बर्फाने अडतो. कला-ए-नौपासून आतल्या खोऱ्यांत जाणारे कच्चे रस्ते तर त्याहून आधी चिखलात जातात. म्हणून तारखा उलट्या मोजा. नोव्हेंबरअखेर सगळा माल आतल्या केंद्रांवर पोचलेला हवा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो हेरातच्या गोदामात असावा आणि मागणी उन्हाळ्यातच गेलेली असावी. ऐन गरजेला मागवू, असे इथे चालत नाही. जानेवारीत उपचाराची दूध-पावडर संपली तर ती मार्चमध्येच येते.

किती माल लागेल हे अंदाजाने ठरवू नका, गणित मांडा. समजा केंद्राच्या टापूत ५०,००० लोक आहेत. त्यात पाच वर्षांखालची मुले १८ टक्के धरली तर ९,०००. सर्वेक्षणात तीव्र कुपोषण ३ टक्के निघाले तर आज आजारी असलेली मुले २७०. पण वर्षभरात नवी मुलेही आजारी पडत राहतात, म्हणून या आकड्याला २.६ ने गुणायचे : ७०२. त्यातली निम्मी जरी केंद्रापर्यंत आली तरी ३५१. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण एक खोका पोषण-पेस्ट लागते. खोक्यात ९२ ग्रॅमच्या १५० पुड्या, प्रत्येक पुडीत ५०० किलोकॅलरी. म्हणजे ३५१ खोके, सुमारे ५ टन. यातली १० ते १५ टक्के मुले गुंतागुंतीमुळे भरती करावी लागतील असे धरून खाटा, एफ-७५ (सुरुवातीच्या दिवसांचे पातळ उपचार-दूध) आणि औषधे मोजा. हे वर्षभराचे गणित झाले. हिवाळ्याचा वाटा काढताना त्याचे सरळ बारा भाग करू नका. न्यूमोनिया आणि रिकामी कणगी एकाच वेळी येतात, त्यामुळे घाट बंद असलेल्या महिन्यांचा वाटा वाढवूनच ठेवा.

जागा ठरवण्याआधी सुरुंगांची चौकशी करा. चाळीस वर्षांच्या लढायांत पेरलेले सुरुंग आणि न फुटलेले गोळे अजून जमिनीत आहेत. लाल रंगवलेला दगड म्हणजे पलीकडे धोका, पांढरा म्हणजे जमीन तपासून मोकळी केलेली. पण सगळीकडे दगड रंगवलेले नसतात. म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि सुरुंग काढणाऱ्या पथकाला दोघांनाही विचारा, आणि केंद्राकडे येणारी पायवाट व शौचालयाची जागाही त्यांना दाखवा. भंगार वेचून विकणारी मुले इथे खूप आहेत, आणि रांगेत उभ्या असलेल्या आईचा मोठा मुलगा आजूबाजूला हिंडणारच.

आता माणसे. स्त्री कर्मचारी नसेल तर केंद्र उघडण्यात अर्थ नाही. मुलाला घेऊन आई येते, आणि पुरुष कर्मचाऱ्यासमोर बसून छातीला मूल लावायला तिला शिकवता येत नाही. डिसेंबर २०२२मध्ये स्त्रियांना स्वयंसेवी संस्थांत काम करायला बंदी आली. आरोग्याच्या कामाला सूट मिळाली, पण ती जिल्ह्याजिल्ह्यात वेगळ्या प्रकारे पाळली जाते. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. परिचारिकेसोबत येणाऱ्या महरमचा, म्हणजे घरातल्या पुरुषाचा, प्रवासखर्च आणि राहण्याची खोली अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण अशी जोडी घेतली तर पुष्कळ अडचणी सुटतात. गावपातळीवर एक पुरुष आरोग्यसेवक आणि एक स्त्री आरोग्यसेविका ठेवण्याची पद्धत इथे आधीपासून आहे, तिचाच आधार घ्या.

मोजमापाच्या खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटलेली हवी. हा चैनीचा खर्च नाही. खोली गार असेल तर आई मुलाचे कपडे काढत नाही, मूल तीन थरांच्या लोकरीत तोलले जाते आणि वजन अर्धा किलो फुगते. औषधाचा आणि दुधाचा प्रत्येक डोस याच वजनावर ठरतो. बुखारीचे धुराडे बाहेर काढलेले आणि सांधे घट्ट असावेत, वर एक झरोका उघडा असावा. धुराचा वायू खोलीत कोंडला तर आई आणि मूल दोघेही झोपेतच जातात. वजनकाटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे ठेवून मोजा, त्यावरच्या मुलाची उंची उभे करून. दंडघेर डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर घ्यायचा, हात सैल सोडलेला. पट्टी इतकीच ओढायची की कातडीला टेकेल पण खळगा पडणार नाही. ११५ मिलिमीटरच्या खाली तीव्र, ११५ ते १२५ मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का तेही पाहा. ही सूज असेल तर दंडघेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषित. जन्मतारीख बहुतेकांना ठाऊक नसते. नौरोज, रमजान, पिस्त्याचा हंगाम, सरकार बदलले तो उन्हाळा अशा खुणांची स्थानिक दिनदर्शिका भिंतीवर लावा आणि वय तिच्यावरून काढा.

भूक-चाचणी, म्हणजे मूल पेस्ट खाते का ते पाहणे, आरडाओरड्यात होत नाही. आईला हात धुवायला साबण द्या, शांत कोपरा द्या, प्यायला पाणी द्या, आणि मुलाला बोटावरून चाटू द्या. थंडीत पेस्ट घट्ट होते आणि तेल वेगळे पडते, म्हणून पुडी काखेत किंवा मुठीत ऊब देऊन चांगली मळायची आणि मग कोपरा कापायचा. हे आईला करून दाखवा, नाही तर ती ‘खराब निघाली’ म्हणून टाकून देते. मूल खाते, सावध आहे, ताप नाही, श्वास जलद नाही, तर घरी उपचार : ६ किलोच्या मुलाला रोज साधारण २ ते अडीच पुड्या, तोंडाने अमॉक्सिसिलिन (प्रतिजैविक), आठवड्याने परत तपासणी. पुड्यांसोबत लोहाच्या गोळ्या देऊ नका. पेस्टमध्ये लोह आहेच. चहा मात्र स्पष्ट शब्दांत थांबवा. इथे तान्ह्यालाही गोड चहा आणि त्यात बुडवलेली नान देतात. पोट भरते, पण मिळत काहीच नाही. मूल गुंगीत वाटले तर काही भागांत ते शांत झोपावे म्हणून अफूचा कण देतात हे लक्षात ठेवून आईला प्रेमाने विचारा, रागावून विचारले तर उत्तर मिळणार नाही.

भरती वॉर्डाची तयारी सर्वांत बारकाईने करा, कारण मुले पहिल्या ४८ तासांत जातात आणि बहुधा तीन कारणांनी : रक्तातली साखर घसरणे, अंग गार पडणे, चुकीचे द्रव दिले जाणे. साधा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांखाली दाखवतच नाही, त्यामुळे गार पडलेले मूल त्यावर ठीक दिसते. कमी तापमान दाखवणारे थर्मामीटर वेगळे मागवा. प्रत्येक खाटेला दोन घोंगड्या आणि मुलाला टोपी, आणि मूल आईच्या उघड्या छातीशी, वरून दोघांवर पांघरूण. भरती होताच १० टक्के ग्लुकोज ५० मिली द्या. ते नसेल तर साखरेचे पाणीही चालते. मग एफ-७५ दर दोन-तीन तासांनी, दिवसभरात किलोला १३० मिली, अंगभर सूज असेल तर १००. रात्रीचे पाजणे चुकू देऊ नका. दोन वाजताचे दूध राहिले की पहाटे पाच वाजता मूल निपचित सापडते. म्हणून रात्रपाळीला स्वतंत्र परिचारिका, प्रत्येक खाटेवर वेळांचा तक्ता, पाजल्याची सही. एफ-७५ कालवायला डब्यातलाच चमचा वापरा. दुसऱ्या डब्याचा चमचा मिसळला की प्रमाण बिघडते. लवकर बरे व्हावे म्हणून पहिल्याच दिवशी पोटभर घट्ट दूध देऊ नका. उपाशी शरीरात फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक घसरतात आणि हृदय थांबते.

जुलाबाच्या मुलाला रेसोमल (कुपोषित मुलांसाठीचे कमी मिठाचे जलसंजीवनी द्रावण) : पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला किलोला ५ मिली, प्रत्येक वेळी वजन, नाडी आणि श्वास तपासून. यकृत वाढले किंवा श्वास जलद झाला तर लगेच थांबा. शिरेतून सलाइन फक्त शॉकमध्ये, कारण कुपोषित हृदयाला जास्तीचे पाणी पेलत नाही. कॉलरा असेल तर मात्र रेसोमल नको, नेहमीचे ओआरएस.

सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी वेगळा कोपरा ठेवा. ‘दूध आटले’ म्हणणाऱ्या आईला बहुतेक वेळा पुन्हा दूध येते. आठ नंबरची नळी स्तनाग्राजवळ चिकटवा, दुसरे टोक दुधाच्या कपात, कप सुरुवातीला स्तनाच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली. बाळ चोखते, नळीतून पातळ केलेले एफ-१०० (एफ-७५ नंतरच्या टप्प्याचे घट्ट उपचार-दूध) येते, आणि चोखण्यानेच आईचे दूध वाढते. आईला जेवण आणि पाणी वॉर्डातूनच द्या. देणगीतले पावडर-दुधाचे डबे आणि बाटल्या दारातूनच परत पाठवा.

पाण्याचा हिशेब प्रत्येक भरती मुलामागे रोज ३० लिटर आणि आईमागे १५ लिटर. ७० टक्क्यांची क्लोरीन पावडर १५ ग्रॅम एक लिटर पाण्यात घातली की १ टक्क्याचे द्रावण होते. २० लिटरच्या चार बादल्यांत त्याचे १, १.५, २ आणि २.५ मिली घाला, अर्ध्या तासाने मोजा, आणि जिथे लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन उरते ते प्रमाण घ्या. पाणी बर्फगार असेल तर अर्ध्याऐवजी पूर्ण तास थांबा, थंडीत क्लोरीन सावकाश काम करते.

लसीकरण सोबतच. गर्दीत गोवर शिरला तर कुपोषित मुले त्यातच जातात, त्यामुळे ६ महिन्यांपासून पुढच्या प्रत्येक मुलाला भरतीच्या वेळीच लस. हिवाळ्यात लस तापण्यापेक्षा गोठण्याची भीती जास्त. पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि धनुर्वाताची लस गोठली की निकामी होते, बाहेरून पटकन कळतही नाही. बर्फाचे पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेल इतके वितळू द्या, मगच लसींजवळ ठेवा. गाडी रात्री उघड्यावर उभी राहणार असेल तर पेटी खोलीत घ्या. कालवलेली गोवराची कुपी सहा तासांनी फेकायची.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या यादीतून वगळल्या जातात, वगळू नका. २००२च्या सुरुवातीला शेजारच्या घोर प्रांतात, तायवारा जिल्ह्यात स्कर्व्हीची (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराची) साथ आली होती. महिनोन्‌महिने भाजीफळ नाही, नुसती भाकरी आणि चहा. हिरड्यांतून रक्त आणि पाय दुखून चालता न येणे दिसले की आधी हेच आठवा.

नोंदवहीत प्रत्येक मुलाला एकच क्रमांक, तोच आईच्या कार्डावर. सलग दोन भेटींत दंडघेर १२५ मिलिमीटर किंवा जास्त आणि दोन आठवडे सूज नाही, तेव्हाच सुट्टी. ७५ टक्क्यांहून जास्त मुले बरी व्हायला हवीत, मृत्यू १० टक्क्यांच्या आणि मधेच सोडून जाणारी १५ टक्क्यांच्या आत. गळती वाढली की आईला दोष देण्याआधी अंतर पाहा. बर्फातून चार तास चालत येणाऱ्या घराला आठवड्याऐवजी पंधरवड्याचा पुरवठा द्या आणि मधल्या आठवड्यात गावातल्या सेविकेला दंडघेर मोजू द्या. मार्चमध्ये कुची, म्हणजे भटक्या पशुपालकांची, कुटुंबे कळप घेऊन निघतात. त्यांच्या मुलांची कार्डे फेब्रुवारीतच वेगळी काढा, पुढच्या मुक्कामाजवळच्या केंद्राचे नाव त्यावर लिहा, आणि वाटेसाठी पुरतील तेवढ्या पुड्या निघण्याआधीच हातात द्या.