जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडचा लॅपटॉप 2016 मधला, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि लॅपटॉप अण्णांकडे राहिला. गेल्या पावसाळ्यात तो सुरू व्हायला सात मिनिटं लागायला लागली. मी घड्याळ लावून बघितलं. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर झाकणही न उघडता उत्तर मिळालं, "काका, हा गेला आता. नवीनच घ्या." अण्णा हिरमुसून परत आले.

आज तोच लॅपटॉप वीस-बावीस सेकंदांत सुरू होतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने खर्च अगदी थोडा आला, आणि काम घरच्या टेबलावर एका शनिवार-रविवारात झालं. चांगला चालता लॅपटॉप केवळ मंद झाला म्हणून टाकून देणं मला पटत नाही. आत काय आहे ते न बघता "नवीनच घ्या" म्हणणं तर त्याहून पटत नाही. म्हणून आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. हा क्रम शक्यतो बदलू नका.

आधी दुखणं ओळखा

लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटं तसाच राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. तुम्ही काहीच करत नसतानाही डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर बहुतेक वेळा दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं असतं. अण्णांचं तेच होतं.

कारण सोपं आहे. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते आणि माहिती वाचणारा एक बारीक हात तिच्यावर जागा शोधत फिरतो. एक जागा सापडायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला हा वेळ किरकोळ वाटतो, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचाव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी तो हात पुन्हा धावतो. त्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवता येते. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हा शोधण्याचा वेळ जवळपास संपतो. प्रोसेसर तोच राहूनही मशीन नवं वाटतं ते यामुळे.

त्याच खिडकीत मेमरीचा आकडाही बघा. ही मेमरी म्हणजेच रॅम. ती 4 जीबी असेल तर ब्राउझरच्या आठ-दहा टॅबमध्येच ती भरते. 8 जीबी केली की घरगुती कामाला पुरते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का, टचपॅड वर उचललेला दिसतोय का, झाकण नीट मिटत नाही का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बाकी सगळं बाजूला ठेवून आधी जाणकार माणसाकडून ती बॅटरी काढून घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाही. तिला आग लागू शकते.

सगळ्या फाइली दोन ठिकाणी, आणि फॉन्टही

लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केले की झालं, असं वाटतं. डाउनलोड्स आणि डी ड्राइव्हही बघा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बाहेर काढा. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, ती कागदावर उतरवून ठेवा. हे सगळं एका पेन ड्राइव्हवर आणि शिवाय दुसऱ्या कुठल्या तरी जागी ठेवा. मग ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ही शेवटची पायरी गाळू नका.

आम्ही ती गाळली नाही म्हणून अण्णांचं काम वाचलं. अण्णांनी कोकणातल्या म्हणी कित्येक वर्षं जमवल्या आहेत, साठेक पानं भरतील एवढ्या. पेन ड्राइव्हवरची ती फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अगं, सकाळपर्यंत ही मराठी होती," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरी 1991 पासून आहे, पण आपल्याकडे डीटीपीवाले, शाळा आणि कचेऱ्या पुढची कित्येक वर्षं जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरत राहिल्या. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. कॉम्प्युटर साठवतो ती इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. घरात कुणी 2010 च्या आधीपासून मराठी टाइप करत असेल तर अशा फाइली असण्याची शक्यता बरीच आहे.

त्यावर उपाय जुन्या मशीनवरच करायचा, ते चालू आहे तोवर. कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमधून ते मराठी फॉन्ट कॉपी करून घ्या. प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून प्रिंट द्या आणि प्रिंटर म्हणून "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" निवडा. पीडीएफमध्ये अक्षरांचं रूपही सोबत जातं, त्यामुळे ती कुठेही मराठीच दिसते. पुढे सवडीने मूळ मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलता येतो. पण बदललेला मजकूर पीडीएफशी ताडून वाचाच. पहिली वेलांटी आणि रफार बरेचदा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. अण्णांनी लाल पेन घेऊन साठच्या साठ पानं तपासली, दहावीचे पेपर तपासावेत तशी.

एसएसडी आणि रॅम घेताना

2016 च्या आसपासच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये 2.5 इंची साटा (SATA) जोडाची डिस्क बसते. काहींमध्ये एम.2 ची, म्हणजे छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची, खाचही असते. मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर असतो, तो फोटो काढून न्या. रॅमचाही फोटो न्या, कारण डीडीआर3एल आणि डीडीआर4 या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डकवलेली असते. तिथे हा उपाय नाही.

आम्ही ठाण्याहून दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, असं करून लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी जा. ठाण्यात गोखले रोडला किंवा ऑनलाइनही माल मिळतो, पण चार ठिकाणी भाव विचारून पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. 480 किंवा 500 जीबीची एसएसडी घरगुती वापराला भरपूर होते. जुनी डिस्क ज्यात घालून यूएसबीला जोडता येते ती छोटी केसही त्याच वेळी घ्या.

उघडताना

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा आणि मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तर मागचं झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी तिचा जोड सोडवा. नळाच्या धातूला किंवा स्टीलच्या कपाटाला हात लावून अंगातला स्थिर विजेचा भार घालवा.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर वरचं प्लास्टिक फुटतं. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात, आणि डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती आधी सरकवून काढावी लागते. सगळे स्क्रू निघाल्यावर कडेला जुनं एटीएम कार्ड घालून हळूहळू फिरवा. कट् कट् असा आवाज येतो, तो खाचा सुटण्याचा. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, कुठे तरी स्क्रू राहिलाय.

पुढचं काम त्यामानाने सोपं. जुनी डिस्क तिच्या चौकटीसह बाहेर ओढा, चौकट नव्या एसएसडीला लावा आणि ती त्याच जागी सरकवा. रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसतात. पंख्यावर साचलेली धूळ मऊ ब्रशने काढा, पातं बोटाने धरून.

आता मशीनमध्ये कोणती प्रणाली घालायची

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नोंदणी करून मिळणारी मुदतवाढ आहे, पण तिच्यावर फार काळ विसंबून राहता येणार नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आपलं मशीन बसतं का ते मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" सांगतं. बसत असेल तर विंडोज 11 घाला. टॅली किंवा डिजिटल सहीच्या डोंगलवर रोजचं काम असणाऱ्यांनी विंडोजवरच राहावं, त्यासाठी मशीन बदलावं लागलं तरी.

अण्णांचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. त्यांचं काम म्हणजे लिहिणं, मेल, बँक आणि यूट्यूबवरची कीर्तनं. त्यांना मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली घालून दिली. ती मोफत आहे, आणि मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 4 जीबी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, 8 असेल तर सिनॅमन.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली एका फाइलीत) उतरवा आणि रुफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. त्या पेन ड्राइव्हवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जाईल. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूचं, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याच्या यादीचं, बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक मॉडेलवर ते एफ12 असतं, एचपीवर एफ9. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालतं. काही बसवण्याआधी वायफाय, आवाज, कॅमेरा आणि घरचा प्रिंटर तिथेच तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर इन्स्टॉल करा, मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी लागणाऱ्या) चौकटीत खूण करा आणि पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडा. जुनी डिस्क बाहेर टेबलावर आहे, त्यामुळे चुकून काही पुसलं जाण्याची भीती उरत नाही. डिस्क आधी बदला असं मी म्हणते ते याचसाठी.

मराठी टायपिंगची सोय त्याच दिवशी करून द्या, नाहीतर घरातलं मोठं माणूस दुसऱ्या दिवशी मशीनला हात लावणार नाही. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठीचे दोन पर्याय दिसतात, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी बटणांच्या उच्चाराप्रमाणे). नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा, तो सगळीकडे सारखाच असतो. विंडोजमध्येही हे दोन्ही आहेत. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिबरऑफिस हे लिखाणाचं सॉफ्टवेअर मराठीत वापरता येतात. अण्णांनी दोन्ही मराठीत करून घेतले.

ज्यांचा मदरबोर्ड गेला आहे किंवा स्क्रीन आणि बिजागरी दोन्ही तुटल्या आहेत, त्यांनी मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नये. डिस्क काढून घ्या आणि बाकीचा लॅपटॉप अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

काढलेली जुनी डिस्क केसमध्ये घालून निदान वर्षभर जपून ठेवा. काहीतरी राहिलं होतं हे तीन महिन्यांनी आठवतं. अण्णांच्या कपाटात ती पासबुकांच्या शेजारी आहे. वर चिकटपट्टीवर त्यांनी फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: जुनी डिस्क, पुसू नये. आणि खाली तारीख.