बांधावर जिवंत कुंपण करायचंय? मग हे वाचा

बांध साफ दिसावा म्हणून आपण तणनाशक मारतो, वर तारेचं कुंपण ठोकतो आणि मग कारल्या-भोपळ्याला फळ धरेना म्हणून मधमाश्यांच्या पेट्या शोधत फिरतो. त्याच बांधावर गावठी काटेरी झाडांचं कुंपण लावलं तर बरंच काही साधतं. हे देशावरच्या कमी पावसाच्या रानाचं सांगतोय, कोकणात यादी थोडी बदलेल.

आधी हद्द पक्की करा. सामाईक बांधावर लावूच नका, आपल्या बाजूला ३-४ फूट आत घ्या, नंतर भाऊबंदकीत झाडं तुटतात.

एकाच जातीची रांग नको, एक रोग आला की सगळं कुंपण बसतं. बाहेरच्या ओळीत करवंद, सागरगोटा, चिल्लार आणि मधेमधे हेकळ. आतल्या ओळीत निर्गुडी, अडुळसा, तरवड, यांना जनावर सहसा तोंड लावत नाही. घाणेरी, वेडी बाभूळ, सुबाभूळ अजिबात नको, रानात घुसतात. मोगली एरंड पटकन लागतो हे खरं, पण बी विषारी, घरात पोरं असतील तर विचार करा.

करवंदाचं बी वाळवून ठेवलं की उगवत नाही. मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं खायची, बी धुवायचं आणि लगेच पिशव्यांत टाकायचं, ही रोपं पुढच्या पावसाळ्यात लावायची. सागरगोट्याचं कवच भलतंच टणक, खरबरीत दगडावर एका बाजूने घासा, आतला फिका भाग दिसला की थांबा आणि रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी जे फुगलंय तेच बी थेट चरात लावा, बाकीची परत घासा. निर्गुडी तर फांदी खोचली तरी येते.

एक फूट खोल चर, शेणखत, दोन ओळी, रोपांत दीड फूट, नागमोडी. म्हणजे १०० फुटाला साधारण १३० रोपं लागतात. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपायचं, बाहेरून बाभळीच्या फेसाट्या (तोडलेल्या काटेरी फांद्या) टाका. कमरेएवढं झालं की जीव घट्ट करून गुडघ्यापर्यंत छाटा, नाहीतर वर झाड आणि खाली भोक, रानडुक्कर तिथूनच शिरतं (आणि खरं सांगायचं तर दाट कुंपणालाही ते कधीकधी ऐकत नाही).

उंच वाढणारं काही लावायचं तर उत्तरेच्या नाहीतर पश्चिमेच्या बांधावर. दक्षिणेला लावलं की हिवाळ्यात सावली गव्हा-हरभऱ्यावर पडते.

छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तीही एका वर्षी एकच बाजू. पावसाळ्यात बुलबुल, वटवट्यांची घरटी असतात, आणि करवंद फेब्रुवारीपासून फुलायला लागतं. दाट जाळीत फुलोरी माशीचं (छोट्या मधमाशीचं) पोळं लागतं, खाटीक पक्षी नाकतोडे पकडून काट्याला टोचून ठेवतो, एकदा जवळ जाऊन बघाच.

एक तोटाही आहे. बांधावर बोर, बाभूळ, कडुनिंब असेल तर पहिल्या वळवानंतर संध्याकाळी हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे पाला खायला त्यावरच जमतात. पण उसाच्या रानात शोधण्यापेक्षा हे सोपं, रात्री फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. फक्त एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या चार-पाच जणांनी त्याच आठवड्यात केलं तरच फरक पडतो.