टेबलफॅनच्या बुशला कोणते तेल घालावे?

उन्हाळा लागला की माळ्यावरचा टेबलफॅन खाली येतो, बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो आणि फिरत मात्र नाही. मग घरात हाताशी असेल ते तेल त्यावर ओतले जाते.

आधी प्लग काढा आणि पाते हाताने फिरवा. सहज फिरले तर दोष बहुधा कपॅसिटरचा, तेलाचा नाही. जड फिरले तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती धातूची नळी, कोरडा पडलाय. शाफ्ट वरखाली डुगडुगत असेल तर बुश झिजलाय, तो बदलायचाच.

हा बुश दिसतो पितळी नळीच्या तुकड्यासारखा, पण असतो वेगळा. तांबे आणि सुमारे १० टक्के कथील यांची भुकटी साच्यात दाबून, तांबे वितळणार नाही अशा बेताने ती भाजतात. त्यामुळे त्यात साधारण पाचवा हिस्सा बारीक छिद्रेच राहतात आणि कारखान्यातच त्यांत तेल भरतात. बुश तापला की तेल झिरपून शाफ्टला लागते, थंड झाला की पुष्कळसे परत आत जाते. म्हणजे आपण घालू ते तेल छिद्रांत शिरले पाहिजे आणि तिथे वर्षानुवर्षे पातळ राहिले पाहिजे.

म्हणून ग्रीस नको. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. तो साबण छिद्रांची तोंडे बुजवतो. ग्रॅफाइटची पूडही तेच करते. खोबरेल थंडीत गोठते, गोडेतेल चिकट होऊन राळेसारखे बसते. गंज सोडवणारा फवारा मारला की पंखा लगेच पळतो आणि लोक खूश होतात, पण तो जुने तेल धुऊन स्वतः उडून जातो. गाडीच्या गिअर ऑइलमधले गंधक तांब्याला खाते.

घ्यायचे ते साधे खनिज टर्बाइन ऑइल, ‘६८ नंबर’चे (हा आकडा तेलाच्या दाटपणाचा). कॉम्प्युटरच्या छोट्या, वेगवान पंख्याला शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. वेग जास्त, भार कमी तर तेल पातळ. वेग कमी, भार जास्त तर दाट.

बुश सुटा निघत असेल तर तो रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा. तेलाची वाटी कडकडीत गरम पाण्यात ठेवा (थेट गॅसवर नको) आणि बुश त्यात बुडवा. छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येईल. बुडबुडे थांबले तरी बुश काढू नका, तेलातच थंड होऊ द्या; निवतानाच तो तेल आत ओढतो. बुशभोवतीचा नमदाही (तेल धरून ठेवणारी जाड लोकरी चकती) तेलात भिजवून बसवा. बुश सुटा निघत नसेल तर नमद्यावर चार-पाच थेंब सोडून रात्रभर थांबा.

भोकाला पॉलिश पेपर मात्र लावू नका, घासलेला धातू छिद्रांवर लिंपला जातो. जादा बुश आणला असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळलात तर कागदच त्याचे तेल पिऊन टाकेल.