तेराव्यानंतर: शोकाच्या काळात समुपदेशनाची मदत कशी घ्यावी

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरी पोकळी जाणवते ती पाहुणे परतल्यावर, सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला जातो आणि एक कप ओट्यावरच निवत राहतो तेव्हा. अशा वेळी समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागल्याची कबुली नव्हे, हे घरातल्यांना, आणि बहुधा स्वतःलाही, आधी सांगावे लागते.

पहिल्या भेटीसाठी काही तयारी लागत नाही. न झालेले बोलणे किंवा 'दवाखान्यात आधी नेले असते तर' ही टोचणी, यांपैकी जे ओठांवर येईल तेथून सुरुवात करावी. समुपदेशक सल्ल्यांचा मारा करत नाही. त्या दिवशी आपल्याला नेमके काय ठाऊक होते आणि काय नंतर कळले, हे वेगळे करून पाहण्यास तो मदत करतो, आणि अपराधभाव सैल होऊ लागतो तो बहुधा तेथेच. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे, कपाट एकदम रिकामे न करता एकेक खण आवरणे, अशी कामेही तो सुचवू शकतो. शोकाच्या 'पाच अवस्था' (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार) क्रमाने आल्याच पाहिजेत असे मानू नये. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मुळात मरणासन्न रुग्णांविषयी होत्या.

निवृत्ती, घटस्फोट किंवा स्थलांतरानंतरही हीच वाट उपयोगी पडते. कित्येक महिन्यांनंतरही रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.