गडद तपकिरी भिंत रंगवताना या चुका टाळा

गडद तपकिरी रंग लावून झाल्यावर महिन्याभरातच तो बदलायला निघालेले लोक बहुधा एकच तक्रार करतात, की दुकानात तो असा दिसत नव्हता. रंग तोच असतो. दुकानात त्याच्या शेजारी तुमची फरशी आणि वर तुमचा दिवा नव्हता, एवढाच फरक. तपकिरी छटा मुख्यतः तांबडे, पिवळे आणि काळे रंगद्रव्य मिसळून तयार होते, आणि त्यांपैकी एकाचे प्रमाण किंचित वाढले तरी तिला तांबूस, पिवळसर किंवा हिरवट झाक येते. शेड कार्डावरच्या दोन बोटे रुंद तुकड्यात ही झाक दिसत नाही.

पुण्यातील एका जुन्या सोसायटीतल्या दिवाणखान्यात कोटा फरशी आणि सागवानी दरवाजे होते. मालकांनी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कॉफीसारखी एक छटा पसंत केली. आधी नमुना लावून पाहा, असे मी सुचवले, तेव्हा ‘त्यात उगाच एक दिवस जाईल’ असे उत्तर मिळाले. ती छटा तांबूस निघाली. कोटा फरशीतला हिरवट करडेपणा आणि तांबडा हे परस्परविरोधी रंग असल्याने ते शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. भिंत दिवसाच तांबूस वाटू लागली, आणि संध्याकाळी २७०० केल्व्हिनचे पिवळे दिवे लागल्यावर तर ती भाजलेल्या विटेसारखी दिसली. लालसर पॉलिश केलेली दरवाजाची चौकट भिंतीतच हरवली, हे नुकसान वेगळेच. एक दिवस वाचवण्याच्या घाईपायी खोली दुसऱ्यांदा रंगवावी लागली.

माझी पद्धत साधी आहे. मोठ्या पुठ्ठ्यावर कडेला पांढरी पट्टी न सोडता नमुन्याच्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पूर्ण वाळू द्यावा, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होते. मग पुठ्ठा फरशीला टेकवून उभा करावा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवे लावून पाहावा. जुन्या रंगाच्या भिंतीवर मधोमध चौकोन रंगवून ठरवणे मला पटत नाही, कारण भोवतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो. कोटा फरशी असेल तर मी करडेपणाकडे झुकणारी तपकिरी निवडतो. क्रीम टाइल्सबरोबर किंचित पिवळसर छटा चालते. छतासाठी निळसर झाकेचा शुभ्र पांढरा टाळावा आणि मळकट न वाटणारा ऑफ-व्हाइट घ्यावा. पितळ, वेत आणि जाड सुती पडदे यांच्याशी हा रंग सहज जमतो, काळ्या चकचकीत फर्निचरशी मात्र क्वचितच.

दुसरी चूक रंगाऱ्याच्या बादलीत होते. ‘जरा अजून गडद हवा’ असे घरमालक म्हणतात आणि रंगारी अंदाजाने काळा स्टेनर, म्हणजे छटा बदलणारा दाट द्रवरंग, ओततो. भिंत अर्धी झाल्यावर बादली संपते, आणि दुसरी बादली पहिलीशी कधीच जुळत नाही. गडद छटा दुकानातल्या, रंगद्रव्ये मोजून मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनवरच करून घ्यावी, लागणारा सगळा रंग एकदम मागवावा, आणि डबे वेगवेगळे असतील तर तो मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावा. हा खटाटोप कंटाळवाणा आहे हे मान्य, पण त्याला पर्याय नाही.

गडद छटेच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्ये मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरे रंगद्रव्य अत्यल्प असल्याने झाकण्याची ताकद कमी पडते. दोन हातांवर भागवू पाहणाऱ्या ठेकेदाराशी वाद न घालता खाली करडा प्राइमर मारून घ्यावा आणि तिसऱ्या हाताची तयारी ठेवावी. पुट्टीतले उंचवटे भिंतीलगतच्या दिव्यात उघडे पडतात, त्यामुळे घासकाम तिरक्या उजेडात तपासावे. ओल असलेल्या भिंतीवर हा रंग देऊच नये, कारण पांढरे क्षार त्यावर लगेच दिसतात. एकाच खिडकीच्या खोलीत चारही भिंती गडद करण्याचा हट्टही सोडावा. मॅट भिंतीवर हात किंवा सोफ्याची पाठ घासली गेली की चकाकणारा डाग उरतो, आणि तेवढ्याच जागी ब्रश फिरवला तर ठिगळ दिसते. म्हणून दुरुस्ती करताना पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी, आणि त्यासाठी त्याच मिश्रणाचा एक लिटर रंग घट्ट झाकण लावून, डब्यावर छटेचा क्रमांक लिहून ठेवावा.