टिटवीची चार अंडी: प्राणिवर्तनाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

ठाण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत असताना माझ्या प्रकल्पाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होते, ‘प्रजाती टिकावी म्हणून टिटवी चार अंडी घालते.’ मार्गदर्शक बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले, ‘टिटवीला प्रजाती ठाऊक आहे का?’ तो शेरा उमगायला मला अख्खा उन्हाळा लागला.

प्रजननावर काम करायचे असेल तर खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या मोहात पडू नये. ते येथे केवळ खाद्यासाठी येतात, त्यांची वीण कच्छच्या रणासारख्या ठिकाणी होते. मी टिटवी निवडली. ऐरोलीजवळच्या मोकळ्या भूखंडावर, खडीच्या पसाऱ्यात मला तिचे घरटे सापडले. घरटे कसले, जेमतेम एक खळगा, आणि त्यात निमुळती टोके आत करून ठेवलेली चार मातकट, काळ्या डागांची अंडी. नजर हलली की ती खडीत हरवत. भर दुपारी पक्षी पोटाची पिसे डबक्यात भिजवून अंड्यांवर येऊन बसे. जागा चुकू नये म्हणून मी शेजारी तांबडी फीत बांधलेली काठी रोवली. दुसऱ्या दिवशी अंडी नव्हती. कावळा की कुत्रा, ते कळले नाही. काठी मात्र माझीच होती. तेव्हा खूण घरट्यापाशी करू नये, आणि फसलेले घरटे वहीतून गाळूही नये, कारण नैसर्गिक निवड तिथेच दिसते: उठून दिसणारी अंडी अधिक खाल्ली गेली आणि तो रंग आनुवंशिक असला, तर पुढच्या पिढ्यांत तो विरळ होत जातो.

अंड्यांच्या संख्येबाबत ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये मांडले की, आईबापांना सरासरी जितकी पिले पोसता येतात, साधारण तितकीच अंडी निवडीत टिकतात, कारण जादा अंडी घालणाऱ्या जोडीची पिले अर्धपोटी राहून शेवटी तिचे वंशजच कमी उरतात. बुलबुलाची पिले उघडी, आंधळी जन्मतात, त्यामुळे तेथे हा विचार सहज पटतो. टिटवीची पिले मात्र अंड्यातून निघताच थोड्या वेळात चालू लागतात आणि स्वतः किडे टिपतात. तेव्हा भरवण्यापेक्षा पोटाखाली किती अंडी नीट उबतील, ही मर्यादा मला महत्त्वाची वाटते.

सुधारित मसुद्यात मी लिहिले, ‘चाराहून कमी-अधिक अंडी घालणाऱ्या माद्यांची पिले कमी जगली असावीत.’ बाईंनी ‘असावीत’खाली रेघ ओढली, या वेळी पेन्सिलीने, आणि विचारले, ‘किती घरटी मोजलीस?’