बाळाच्या टाचेची टेस्ट: कधी करायची, काय विचारायचं आणि रिपोर्टच्या मागे कसं लागायचं

घरात बाळ येणार असेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा की तुमच्याकडे न्यूबॉर्न स्क्रीनिंग (म्हणजे बाळाच्या टाचेतून थोडं रक्त घेऊन वरून न दिसणारे जन्मजात आजार शोधायची टेस्ट) होतं का आणि त्यात कुठले कुठले आजार बघतात. आपल्याकडे ही टेस्ट सगळीकडे आपोआप होत नाही, बऱ्याच ठिकाणी आपणच मागावी लागते, आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पॅकेजमध्ये पन्नास नावं दिसली तर गोंधळू नका, जन्मजात हायपोथायरॉइडिझम (थायरॉइडचं हार्मोन कमी पडणं), सीएएच (किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथींचा आजार, यात बाळाच्या अंगातलं मीठ-पाणी कमी होऊ शकतं) आणि जी६पीडी (हे एन्झाइम कमी असेल तर काही औषधांनी किंवा डांबरगोळ्यांनी रक्तपेशी फुटतात) एवढी तरी हवीतच. माझ्या मते थायरॉइड सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे साधारण हजार बाळांमागे एकाला हा त्रास असतो, बाळ दिसायला मात्र एकदम छान असतं, दूध पितं, झोपतं, कुणाला शंका येत नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ नीट होते, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून निघत नाही. आणि हो, यातलं सगळंच काही आईवडिलांकडून येत नाही, त्यामुळे आईला बोल लावायचा नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे असाल, घरात कुणाला सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर ती तपासणी या पॅकेजमध्ये आहे का ते वेगळं विचारा.

रक्त घ्यायची योग्य वेळ म्हणजे जन्मानंतर ४८ ते ७२ तास. पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉइडच्या टेस्टमध्ये मोजतात ते हार्मोन) सगळ्याच बाळांचं वाढलेलं असतं, म्हणून फार लवकर घेतलं तर उगाच पॉझिटिव्ह येतं. लवकर डिस्चार्ज मिळत असेल तर टेस्ट सोडू नका, आधी सॅम्पल देऊन परत कधी आणायचं ते विचारा. बाळाला रक्त चढवायचं असेल तर सॅम्पल त्याच्या आधी. टाचेच्या कडेला टोचून जाड कागदावर थेंब घेतात, त्या वेळी बाळाला अंगावर पाजत ठेवा, रडणं खूप कमी होतं.

आता खरी गडबड होते ती रिपोर्टला. बाळाचं बारसं झालेलं नसतं, रिपोर्ट आईच्या नावाने येतो, फॉर्मवर बाबांचा बंद असलेला नंबर आणि बाळंतीण तोवर माहेरी! म्हणून जो फोन नक्की उचलला जाईल असे दोन नंबर द्या, रिपोर्ट कधी येणार ते लिहून घ्या, आणि त्या दिवशी फोन आला नाही तर स्वतः करा. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून बसू नका.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहेच असं नाही, शिरेतून रक्त घेऊन पक्की टेस्ट करतात, पण ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा, बारशानंतर बघू म्हणू नका. सीएएच पॉझिटिव्ह असेल आणि बाळ उलट्या करतंय, मलूल पडलंय, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. जी६पीडी कमी निघालं तर कपड्यांतल्या डांबरगोळ्या घरातूनच काढून टाका, ट्रंकेतली जुनी दुपटी तर वापरूच नका, आणि कुठलंही औषध घेताना डॉक्टरांना हे सांगा. थायरॉइडची गोळी बारीक करून चमचाभर आईच्या दुधात द्या, भरलेल्या बाटलीत नको, आणि आयर्न किंवा कॅल्शियमच्या ड्रॉप्ससोबत तर नकोच, मध्ये चार तास जाऊ द्या.